उत्तर देणारा कंठ : मिआओ खेड्यांतील क्षेत्रकार्य आणि नित्यजीवन

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाची संहिता)



सुवर्णमहोत्सवाच्या ह्या व्याख्यानमालेत एक पुष्प गुंफण्याची संधी मंडळाने आम्हां उभयतांस दिली, ह्याबद्दल प्रथम कृतज्ञता व्यक्त करतो. विषय कोणता, अशी चिटणीसांनी पृच्छा केली तेव्हा ‘मिआओ लोकांची खेडी’ असे आम्ही कळविले. त्यावर, हे मिआओ कोण, असा उलट प्रश्न आला आणि तो रास्तच होता. चीनचे नाव निघाले की मराठी माणसास सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ साली ते चीनला गेले आणि १९४२ च्या डिसेंबरात तेथेच त्यांनी देह ठेवला. परंतु त्यांची कर्मभूमी उत्तर चीन. आम्ही ज्या लोकांविषयी बोलणार आहोत ते दूर नैर्ऋत्येकडील डोंगराळ मुलखात राहतात. त्यांच्या घरी बसून आम्ही जे पाहिले, आणि आमच्या आधी तेथे गेलेल्या अभ्यासकांनी जे लिहून ठेवले, ते आज आपणांपुढे मांडावयाचे आहे. ह्या पोलादनगरीतील मराठी मंडळाशी त्याचा काय संबंध, हे ओघाने स्पष्ट होईलच.

प्रथम नावाचा खुलासा. मराठी कानाला ह्या नावात मांजराचा आवाज ऐकू येतो खरा. तथापि चिनी लिपीत हे अक्षर वर गवत आणि खाली शेत अशा दोन चिन्हांचे बनलेले असून त्याचा अर्थ रोप, कोवळा अंकुर असा आहे. चीनमध्ये अधिकृत मान्यता असलेल्या ५५ अल्पसंख्य समाजांपैकी हा एक मोठा समाज. १९५३ च्या जनगणनेत त्यांची संख्या सुमारे २५ लाख होती; २०२० च्या जनगणनेत ती एक कोटी दहा लाखांवर गेली. सर्वांत मोठी वस्ती ग्वेइचौ प्रांतात; त्याखेरीज हुनान, युन्नान, ग्वांगशी, सिच्वान इत्यादी प्रांतांतही ते आहेत. ‘मिआओ’ हे नाव मात्र इतरांनी दिलेले. ते स्वतःला कोठे ह्मोंग, कोठे ह्मू, कोठे आ-ह्माओ, तर पश्चिम हुनानात शोंग म्हणवितात. त्यांच्या बोली परस्परांहून इतक्या भिन्न की एका भागातील मिआओस दुसऱ्या भागातील मिआओशी बोलताना बहुधा चिनी भाषेचाच आधार घ्यावा लागतो. व्हिएतनाम, लाओस, थायलंड येथील ह्मोंग हे त्यांचेच भाऊबंद; १९७५ नंतर त्यांतील अनेक कुटुंबे निर्वासित होऊन अमेरिकेपर्यंत पोहोचली.

आमचा मुक्काम ग्वेइचौच्या आग्नेय भागातील मिआओ-तोंग स्वायत्त विभागात होता. १९५६ साली स्थापन झालेल्या ह्या विभागाचे मुख्य ठाणे काइली. ह्या प्रांताविषयी चीनमध्ये एक जुनी म्हण आहे : सलग तीन दिवस निरभ्र आकाश नाही, सलग तीन कोस सपाट जमीन नाही आणि कोणाच्या गाठीला तीन नाणी नाहीत. म्हणीतील तिसरा भाग आता पूर्वीइतका खरा राहिलेला नाही. काइलीजवळून २०१५ पासून वेगवान रेल्वे धावते आणि डोंगर पोखरून काढलेले बोगदे व दऱ्यांवरील उंच पूल पाहून आपल्याकडील इंजिनिअर मंडळी निश्चित हरखून जातील. परंतु पाऊस, धुके आणि चढउतार आहेत तसेच आहेत. डोंगराच्या अंगाने पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरे, त्यांच्या वर एकमेकींना बिलगून उभी असलेली लाकडी घरे आणि गावाच्या वेशीपाशी जुने मेपल वृक्ष. हे मिआओ गावाचे पहिले दर्शन.

अशा गावात राहून जो अभ्यास करावयाचा त्यास मानवशास्त्रात क्षेत्रकार्य म्हणतात. ग्रंथालयातील अभ्यासाहून त्याची रीत वेगळी. लोकांच्या घरी राहावे, ते खातील ते खावे, त्यांच्या कामात जमेल तेवढा हात लावावा आणि डोळे व कान उघडे ठेवून रात्री दिव्यापाशी टिपणे लिहावीत. मिआओंच्या मुलखातील ह्या अभ्यासाला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. जपानी मानवशास्त्रज्ञ तोरी र्‍यूझो ह्यांनी १९०२-०३ साली ह्या डोंगरांतून प्रवास केला व १९०७ साली आपला अहवाल प्रसिद्ध केला. सॅम्युअल क्लार्क ह्या इंग्रज मिशनऱ्याने १९११ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात तेथील सृष्ट्युत्पत्तीच्या गीतांचे अनुवाद आढळतात. ही सर्व मंडळी बाहेरून आलेली होती. त्यांच्या लेखनाचे मोल मोठे आहेच; पण वाचताना मनात प्रश्न येतो की त्यांना ही माहिती दिली कोणी? प्रश्न विचारणाऱ्याचे नाव मुखपृष्ठावर येते, उत्तर देणाऱ्याचे बहुधा येत नाही.

ह्या दृष्टीने १९३३ सालचा एक प्रसंग उद्बोधक आहे. त्या वर्षी चीनच्या केंद्रीय संशोधन संस्थेचे लिंग चुनशेंग आणि रुई यीफू हे दोन अभ्यासक पश्चिम हुनानातील मिआओ गावांत गेले. त्यांच्याबरोबर छायाचित्रे व चलच्चित्रे घेण्याची साधने होती. तेथील काही सुशिक्षित मिआओंना हे चित्रण रुचले नाही. आमच्या जुन्या चालीरीती टिपून त्यांचा लोकांच्या करमणुकीसाठी उपयोग केला जाईल, अशी त्यांची तक्रार होती आणि ती वरपर्यंत गेली. ज्याच्याकडे पाहिले जाते त्यालाही पाहणाऱ्याविषयी मत असते, हे ह्या तक्रारीवरून ध्यानात येते. ह्याच दौऱ्यात त्यांना शी छीग्वेई नावाचे स्थानिक मिआओ शिक्षित गृहस्थ साहाय्यक म्हणून लाभले. पाहुणे परत गेल्यावर शी छीग्वेई ह्यांनी काम थांबविले नाही. आपल्याच लोकांची गीते, विधी, शेती, पोशाख, व्यवहार ह्यांची नोंद ते वर्षानुवर्षे करीत राहिले. लिंग आणि रुई ह्यांचा ग्रंथ १९४७ साली निघाला. शी छीग्वेई १९५९ साली वारले आणि त्यांचा स्वतःचा अहवाल ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला तो १९८६ साली. उत्तर देणारा माणूस लेखक म्हणून वाचकांपुढे यावयास इतकी वर्षे लागली.

ग्वेइचौच्या आग्नेय भागात हे कार्य पुढे भाषाशास्त्रज्ञ मा श्युएलियांग आणि त्याच मातीतील मिआओ अभ्यासक चिन तान ह्यांनी केले. १९५० च्या दशकात गोळा केलेली दीर्घ पुराणगीते त्यांनी चिनी अनुवादरूपाने १९८३ साली प्रकाशित केली; मार्क बेंडर ह्या अमेरिकन अभ्यासकाने २००६ साली ती इंग्रजीत आणली. लुईझा शाइन ह्या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ विदुषीने १९८० च्या दशकात शीच्यांग ह्या हजारावर उंबऱ्यांच्या मोठ्या गावी राहून अभ्यास केला आणि २००० साली त्यावर ग्रंथ लिहिला. शहरातून येणाऱ्यांना मिआओ स्त्री कशी ‘दिसावी’ असे वाटते आणि मिआओ लोक त्या अपेक्षेचे काय करतात, हा त्या ग्रंथाचा एक प्रमुख विषय आहे. ह्या सर्वांच्या वाटेने जाऊन आम्ही भातकापणीपासून मिआओ नववर्षापर्यंत, म्हणजे त्यांच्या पंचांगातील दहाव्या महिन्यापर्यंत, एका लहान गावी राहिलो. गावाचे नाव आम्ही सांगत नाही. ज्यांनी घरात घेतले त्यांचा ठावठिकाणा चारचौघांत उघड करू नये, हा क्षेत्रकार्यातील शिष्टाचार आहे.

आमचे घर तीन मजली आणि संपूर्ण लाकडी होते. डोंगरउतारावर खांब रोवून त्यांवर घर उभारण्याची तेथील रीत. तळाशी जनावरे, सरपण आणि अवजारे. मधल्या मजल्यावर माणसे. वर माळ्यावर धान्य. मधल्या मजल्याच्या दर्शनी बाजूस बाहेर झुकलेल्या कठड्याचे लांब बाक असते. तेथे बसून बायका भरतकाम करतात, म्हातारी माणसे ऊन खातात आणि गावात कोण आले, कोण गेले हे सर्वांस कळते. आपल्या वाड्यातील ओटीची आणि झोपाळ्याची कामे हे एकटे बाक करते म्हणा ना! अशा घरांना आगीचे भय फार. म्हणून काही गावांत धान्याची कोठारे वस्तीपासून दूर, पाण्याच्या तळ्यावर खांब उभारून बांधलेली असतात. घर जळाले तरी वर्षाचे अन्न वाचावे, उंदीरघुशींपासूनही त्याचे रक्षण व्हावे, हा हेतू.

दिवसाची सुरुवात डुकरांपासून होते. पहाटे घरधनीण आजी रताळ्याचे वेल आणि रानातला पाला बारीक चिरून मोठ्या लोखंडी कढईत शिजत घालीत. माणसांचा चहा-नाश्ता त्यानंतर. पूर्वी खांद्यावर कावड घेऊन झऱ्याचे पाणी आणावे लागे, आता नळ आला आहे. विजेवरचे भाताचे भांडे घरोघरी आहे. तरीही सणाचा चिकट तांदूळ लाकडी पिंपात वाफेवरच शिजतो, हाताने त्याचे गोळे करूनच खातात. भातखाचरांत पाणी भरले की त्यात माशांची पिले सोडावयाची; ती खाचरातच वाढतात आणि कापणीपूर्वी पाणी काढले की भाताबरोबर माशांचेही पीक हाती येते. कापणीच्या दिवशी बांधावर शेकोटी करून ते मासे भाजले गेले, तेव्हा कोकणातल्या पावसाळी शेतातील चढणीच्या माशांची आम्हांस आठवण झाल्याशिवाय राहिली नाही.

मिआओंच्या जेवणात आंबट चव सर्वव्यापी आहे. तांदळाचे धुवण आंबवून, किंवा टोमॅटो व मिरच्या आंबवून केलेले सार प्रत्येक घरात भांड्यात मुरत असते. त्यातच मासा शिजतो. ह्यामागे केवळ आवड नाही. ग्वेइचौमध्ये मीठ पिकत नाही. ते दुरून, महाग दराने येई. म्हणून अठराव्या शतकापासून मिठाची उणीव मिरचीने भरून काढल्याच्या नोंदी सापडतात, आणि भाजी, मासे, मांस टिकवावयाचे तर आंबविणे हाच सुलभ उपाय उरे. आपल्याकडे मीठभाकर ही गरिबीची खूण. ज्या मुलखात मीठ हीच चैन होती तेथे ‘मीठभाकर’ ह्या शब्दाचा अर्थ समजावून सांगताना आमच्या दुभाषी बाईंची बरीच तारांबळ उडाली आणि घरात हशा पिकला.

वस्त्रांविषयी मात्र थोडे गंभीरपणे बोलले पाहिजे. कापड निळीच्या पिंपात पुनःपुन्हा बुडवून, वाळवून जवळजवळ काळे करावयाचे. मग त्यावर अंड्याचा पांढरा बलक लावून लाकडी मोगरीने दगडावर कुटावयाचे, की त्याला तांब्यासारखी झळाळी येते. शरद ऋतूत ह्या कुटण्याचा आवाज गल्लीगल्लीतून ऐकू येतो. सणाच्या पोशाखावरील भरतकामास एकेका स्त्रीची कित्येक महिन्यांची संध्याकाळ लागते. त्यात फुलपाखरू वारंवार दिसते. पुराणगीतांनुसार मेपल वृक्षापासून फुलपाखरू-माता जन्मली, तिने बारा अंडी घातली आणि त्यांतून पहिला मानव, नाग, वाघ, वीज, म्हैस ही सारी भावंडे बाहेर आली. माणूस आणि वाघ एकाच आईचे! वेशीवरचा मेपल वृक्ष का तोडावयाचा नाही, ह्याचे उत्तर मुलीला आईच्या मांडीवर, टाका शिकता शिकता मिळत असे. लिपी नसलेल्या समाजाने आपला इतिहास अंगावर लेवून जपला, असे मिआओ स्वतः अभिमानाने सांगतात. चांदीचे दागिनेही तसेच. लेकीच्या लग्नासाठी वर्षानुवर्षे साठविलेली ती चांदी कित्येक किलो भरते.

एक गोष्ट आपणां सर्वांस विशेष जवळची वाटेल. ह्या भागातील मिआओंत मुलाच्या नावापुढे वडिलांचे नाव लावण्याची पद्धत आहे. वडिलांच्या नावापुढे आजोबांचे. अशी नावे एकामागून एक गुंफीत जाणकार म्हातारे अनेक पिढ्यांची वंशावळ तोंडपाठ म्हणून दाखवितात. शाळेत आणि सरकारदरबारी प्रत्येकास चिनी आडनाव व चिनी नाव असते. घरात आणि विधीत मात्र ही साखळी चालते. आमच्या नावातही वडिलांचे नाव मध्ये येते, हे कळल्यावर घरच्या आजोबांनी आमच्याकडे पाहून समाधानाने मान डोलाविली. “मग तुम्हीही आपल्या घरचीच माणसे,” असे ते म्हणाल्याचे दुभाषी बाईंनी सांगितले. आम्हांस त्या गावात जी काही जागा मिळाली ती त्या दिवसापासून, असे आम्ही मानतो.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. मिआओंची पुराणगीते एकट्याने गावयाची नसतात. मेजवानीच्या मेजाच्या दोन बाजूंस गाणाऱ्यांच्या दोन जोड्या बसतात. एक जोडी गाण्यातून कूटप्रश्न टाकते. दुसरी जोडी आधी त्याचे उत्तर गाते आणि मगच आपला प्रश्न टाकते. आकाश कोणी उचलून धरले? मेपलचे बी कोठून आले? अशा प्रश्नोत्तरांत रात्र सरते. गीतांची अंगे दोन. परंपरेने आलेला, न बदलणारा गाभा तो गाण्याचे ‘हाड’. आणि गाणारा त्या प्रसंगी स्वतः रचून घालतो, यजमानाची स्तुती, समोरच्याची थट्टा, स्वतःविषयीचा विनय, ते गाण्याचे ‘फूल’. हाडाशिवाय गाणे उभे राहत नाही आणि फुलाशिवाय ते जिवंत वाटत नाही.

आमच्या घरधनीण आजी गावातील नावाजलेल्या गायिका होत्या. आम्ही ध्वनिमुद्रणाचे यंत्र पुढे ठेवून विनंती केली. त्यांनी दोन प्रश्न म्हटले आणि त्या थांबल्या. पुढचे म्हणा, असे दुभाषी बाईंनी सुचविले, तेव्हा आजी सहज स्वरात म्हणाल्या, “ह्यापुढचे उत्तर माझ्या जावेचे. ते तिला येई. ती जाऊन तीन वर्षे झाली.” त्या चुलीतील लाकूड सारू लागल्या. त्यांच्या बोलण्यात दुःखाचे प्रदर्शन नव्हते. गाण्याचा आपला अर्धा भाग त्यांना अक्षर न चुकता पाठ होता. पण समोर बसून उत्तर देणारे कोणी नसल्यामुळे त्यांनी ते गाणेच सोडले होते. भाषा कशी सरते ह्याविषयी आम्ही पुष्कळ वाचले होते. ती अशी सरते, हे त्या चुलीपाशी कळले. प्रश्न विचारणारा उरतो आणि उत्तर देणारा कंठ नाहीसा होतो.

मराठी श्रोत्यांस ह्याची कल्पना येणे अवघड नाही. जात्यावरच्या ओव्यांचे असेच झाले. पहाटे दोघीजणी जात्याला बसत, एक ओवी सुरू करी, दुसरी साथ देई. पिठाची गिरणी आली, जाते थांबले आणि त्याबरोबर ओवीही थांबली. कष्ट वाचले ह्याचा आनंदच मानला पाहिजे. पहाटे उठून दळण दळावे असे कोणीही आपल्या लेकीस सांगणार नाही. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर ह्यांनी पुण्यास राहून, खेडोपाडीच्या बायकांच्या साहाय्याने, एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या म्हणून आज त्या उपलब्ध तरी आहेत. गीत हे नित्याच्या कामाला बांधलेले असते. काम सुटले की गीत निराधार होते आणि त्याला दुसरा आधार शोधावा लागतो.

मिआओ गावांत तो आधार सुटण्याची कारणे उघड आहेत. १९९० च्या दशकापासून तरुण पिढी मोठ्या संख्येने ग्वांगतुंग, चच्यांग इत्यादी किनारी प्रांतांतील कारखान्यांत जाऊ लागली. गावात राहिले आजीआजोबा आणि नातवंडे. २००१ नंतर चीनभर लहान गावशाळा बंद करून मोठ्या गावी एकत्रित शाळा चालविण्याचे धोरण आले. त्यामुळे डोंगरातील अनेक मुले लहान वयातच वसतिगृहात राहू लागली. तेथे शिक्षण चिनी भाषेत. मूल सुट्टीत घरी येते, आजी मिआओत विचारते आणि मूल चिनीत उत्तर देते. दोघांनाही एकमेकांचे समजते. म्हणून कोणास काही बिघडले आहे असे वाटत नाही. दारिद्र्य कमी झाले हे खरे. ग्वेइचौमधील शेवटचे जिल्हे २०२० च्या नोव्हेंबरात दरिद्री जिल्ह्यांच्या यादीतून वगळले गेले. मुलांनी शिकावे, चार पैसे मिळवावेत ही त्या आजीचीही इच्छा होती आणि तिच्या मुलाने शहरातून पाठविलेल्या पैशांवरच घराचे नवे छप्पर झाले होते. भाकरीसाठी गाव सोडणे हा गुन्हा नव्हे. आपण सर्व तरी ह्या पोलादनगरीत कशासाठी आलो?

दुसऱ्या बाजूस ह्याच काळात मिआओ संस्कृतीला मोठी मागणी आली. २००६ साली चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या पहिल्या यादीत मिआओ पुराणगीते, भरतकाम, मेणछपाई, चांदीकाम आणि खांबांवरची घरे बांधण्याची कला ह्यांचा समावेश झाला. शीच्यांग येथे २००८ साली प्रांताची पर्यटन परिषद भरली. त्यानंतर ते गाव तिकीट काढून पाहण्याचे स्थळ झाले. वेशीवर पर्यटकांना म्हशीच्या शिंगातून तांदळाची दारू पाजतात. शिंगाला हात लावाल तर ते पूर्ण रिकामे करावे लागते, अशी गंमत आहे. सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी नृत्ये होतात. ह्यावर नाक मुरडणे सोपे आहे. पण आम्हांस ते न्याय्य वाटत नाही. तिकिटाच्या उत्पन्नातील वाटा शीच्यांगच्या घरांना मिळतो आणि जुने लाकडी घर राखणाऱ्यास तो अधिक मिळतो. लांगदे नावाच्या दुसऱ्या गावाने तर नृत्याच्या मिळकतीची वाटणी शेतावरील कामाच्या हजेरीप्रमाणे गुणांनी केली. म्हाताऱ्यापासून पोरापर्यंत जो पोशाख करून उभा राहील त्यास त्याचे गुण. सर्वांनी उभे राहावयाचे, सर्वांनी वाटून घ्यावयाचे, हा खेड्याचा जुना न्याय त्यांनी नव्या धंद्यात आणला.

तथापि प्रदर्शनाची एक मर्यादा आहे. रंगमंचावर गाणारा असतो आणि समोर टाळ्या वाजविणारा असतो. टाळी हे उत्तर नव्हे. पर्यटकापुढे गाण्याचे हाड दाखविता येते, फूल उमलत नाही. कारण समोरच्याची थट्टा करावयाची तर त्याला ती समजली पाहिजे. ह्याउलट २०२२ च्या उन्हाळ्यात थायच्यांग जिल्ह्यातील थायपान ह्या गावी नव्या तांदळाच्या सणानिमित्त बास्केटबॉलचे सामने झाले आणि त्यांची कीर्ती चीनभर पसरली. खेळ परका, पण सामने गावकऱ्यांनीच भरविलेले, तिकीट नाही, बक्षीस म्हणून बैल, आणि मध्यंतरात गाणी-नृत्ये आपलीच. सणाला नवे निमित्त सापडले आणि परगावी गेलेली माणसे त्या निमित्ताने घरी आली. तीच गोष्ट दूरध्वनीची. आमच्या शेजारच्या घरातील सून वीचॅटवरील एका गटात रात्री गात असे. तिचा प्रश्न डोंगरातून निघे आणि उत्तर दूरच्या कारखान्याच्या वसतिगृहातून, पाळी संपवून आलेल्या एखाद्या मैत्रिणीकडून येई. बाकावर बसून आम्ही ते ऐकत असू. यंत्र नवे होते, रीत जुनीच होती. कारण समोर उत्तर देणारा कंठ होता.

क्षेत्रकार्याने आम्हांस शिकविले ते एवढेच. एखाद्या समाजाची संस्कृती पाहावयाची तर सणाचा दिवस पाहावा, पण त्यावर विसंबून राहू नये. सणाच्या आधीची आणि नंतरची संध्याकाळ पाहावी. चुलीपाशी कोणती भाषा चालते, म्हाताऱ्याच्या प्रश्नाला मूल कोणत्या भाषेत उत्तर देते, शिवलेला पोशाख कोणी शिवला आणि तो शिवताना काय बोलणे झाले, ते पाहावे. पोशाख पेटीत राहतो, चांदी तिजोरीत राहते, गीत यंत्रात राहते. ही साठवण आवश्यकच आहे. शी छीग्वेई ह्यांनी ती केली नसती तर आज पश्चिम हुनानातील कितीतरी गोष्टी कोणास ठाऊकही नसत्या. पण साठवण हा ठेवा झाला, चलन नव्हे.

पन्नास वर्षांपूर्वी ह्या नगरीत आलेल्या तरुण मराठी कुटुंबांनी हे मंडळ स्थापिले. गणेशोत्सव, नाटके, वाचनालय, हळदीकुंकू, कोजागरी हे सर्व त्यांनी परमुलखात उभे केले, ह्याचा आम्हांस अभिमान वाटतो. सुवर्णमहोत्सवात नऊवारी, फेटे, लेझीम सारे दिसेल आणि दिसावेच. आम्ही केवळ एक सूचना करू इच्छितो. मंडळाच्या संस्थापक पिढीतील जी मंडळी आज आपल्यात आहेत त्यांच्या आठवणी, त्यांच्या गावच्या बोलीतील शब्द, ओव्या, उखाणे, पाळणे, ह्या नगरीतील त्यांचे आरंभीचे दिवस, हे सर्व टिपून घ्यावे. आणि प्रश्न विचारण्याचे काम आमच्यासारख्या बाहेरून आलेल्या अभ्यासकांवर सोपवू नये. ते नातवंडांनी करावे, मराठीत करावे. त्यांचे मराठी अडखळेल, त्यात हिंदी-इंग्रजी मिसळेल, मिसळू द्यावे. आजीने उत्तर देताना मुद्दाम सोपे करू नये आणि चुकीला हसू नये. गाण्याचे हाड आजीकडून येईल, फूल नातवाचे त्याने घालावे. टिपणांची वही वाचनालयात राहीलच. पण त्या निमित्ताने घरात जी चार संध्याकाळी बोलणी होतील ती वहीहून मोलाची ठरतील.

 शताब्दीच्या समारंभात ह्याच व्यासपीठावरून कोणी मराठीत प्रश्न विचारील आणि सभागृहातून मराठीत उत्तर येईल, अशी शुभेच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.